विश्लेषण : बेसबॉल संघ मॅनेजर कसा निवडतात? अनुभवाचे पारडे हलके का झाले?

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमधील सॅन फ्रान्सिस्को जायंट्स संघाने ऑक्टोबर २०२५ मध्ये टोनी विटेलो यांची मॅनेजरपदी नियुक्ती केली. व्यावसायिक संघाला कधीही प्रशिक्षण न दिलेली व्यक्ती महाविद्यालयीन बेसबॉलमधून थेट या पदावर येण्याची ही पहिलीच वेळ. या पदासाठी उमेदवार कसे पारखले जातात, याचा आढावा...

जायंट्समध्ये काय घडले?

विटेलो यांच्याआधी ही जबाबदारी बॉब मेल्विन यांच्याकडे होती. वर्षातील सर्वोत्तम मॅनेजरचा पुरस्कार त्यांनी तीनदा मिळवला आहे. २०२६ च्या हंगामासाठीही त्यांना कायम ठेवण्याचा निर्णय संघाने जुलैमध्ये घेतला होता. मात्र, हंगाम ८१ विजय आणि ८१ पराभवांवर संपताच त्यांना हटवण्यात आले. त्यानंतर संघाचे क्रीडा व्यवहार पाहणारे माजी कॅचर बस्टर पोझी यांनी विटेलो यांना पसंती दिली. विटेलो यांच्या मार्गदर्शनाखाली टेनेसी विद्यापीठाने २०२४ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद पटकावले होते.

मॅनेजरचे काम काय?

क्रिकेटमध्ये मैदानावरचे निर्णय कर्णधार घेतो, बेसबॉलमध्ये मॅनेजर. फलंदाजीचा क्रम काय ठेवायचा, पिचर कधी बदलायचा, राखीव फलंदाज कधी उतरवायचा हे तोच ठरवतो. बदललेला खेळाडू त्या सामन्यात परतू शकत नाही, त्यामुळे चूक सुधारता येत नाही. शिवाय साखळी फेरीत १६२ सामने असतात. खेळाडूंची खरेदी आणि करार मात्र संघाच्या कार्यालयातून होतात. संघ हरला की खुर्ची सहसा आधी मॅनेजरची जाते.

मुलाखतीत काय तपासतात?

पूर्वी खेळाडू म्हणून कारकीर्द आणि दुय्यम लीगमधील अनुभव यांना महत्त्व होते. आता प्रत्येक संघाकडे आकडेवारीचे विश्लेषण करणारा विभाग असतो. त्यामुळे उमेदवारासमोर सामन्यातील प्रसंग ठेवले जातात. सातवी इनिंग, एका धावेची आघाडी, पिचर थकलेला, काय कराल? येथे उत्तराइतकीच त्यामागची कारणे महत्त्वाची. विभागाने काढलेला निष्कर्ष खेळाडूला पटवून देता येतो का, हेही पाहिले जाते. २०१७ मध्ये न्यूयॉर्क यांकीजने तर उमेदवारांना मुलाखतीनंतर पत्रकारांच्या प्रश्नांनाही सामोरे जायला लावले.

अनुभवाचे काय?

यांकीजच्या त्या यादीत क्युरासाओमध्ये जन्मलेले हेन्स्ली म्युलेन्स होते. जायंट्सच्या २०१०, २०१२ आणि २०१४ च्या विजेतेपदांवेळी ते फलंदाजी प्रशिक्षक होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली नेदरलँड्सने दोनदा वर्ल्ड बेसबॉल क्लासिकची उपांत्य फेरी गाठली. शिवाय ते पाच भाषा बोलतात. निवड मात्र समालोचक ॲरन बून यांची झाली. त्यांनी तोवर प्रशिक्षक म्हणूनही काम केले नव्हते. पहिल्या दोन्ही हंगामांत बून यांच्या संघाने १०० किंवा अधिक सामने जिंकले. २०२४ च्या अंतिम फेरीत मात्र यांकीज पराभूत झाले.

उलट शिकागो व्हाइट सॉक्सने २०२० मध्ये ७६ वर्षांच्या टोनी ला रुसा यांना परत आणले. संघाने २०२१ मध्ये ९३ सामने जिंकले, पण पुढच्या हंगामात प्रकृतीमुळे ला रुसा यांना थांबावे लागले.

निवड चुकली, हे कसे ठरते?

२०२० च्या अंतिम फेरीतील सहाव्या सामन्यात टॅम्पा बे रेज १-० ने पुढे होता. पिचर ब्लेक स्नेलने नऊ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले होते. तरीही मॅनेजर केव्हिन कॅश यांनी ७३ चेंडूंनंतर त्याला बाहेर काढले. तेच फलंदाज तिसऱ्यांदा समोर आले की पिचरची परिणामकारकता घटते, हे त्यामागचे गणित. डॉजर्सने सामना ३-१ असा जिंकून विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी कॅश अमेरिकन लीगचे सर्वोत्तम मॅनेजर ठरले.

संधी कोणाला?

अनुभव हा निकष मागे पडला, की निर्णय घेणाऱ्यांचा विश्वास आणि मुलाखतीतील छाप यांचे वजन वाढते. ओळखीपाळखीबाहेरच्या उमेदवारांना येथेच फटका बसू शकतो. मॅनेजर निवडताना अल्पसंख्याक उमेदवारांचाही विचार व्हावा, असा नियम तत्कालीन आयुक्त बड सेलिग यांनी १९९९ मध्ये केला. पण त्यात विचार करणे बंधनकारक होते, निवड करणे नाही. म्हणूनच विटेलो यांच्यासाठी उघडलेले दार आणखी कोणासाठी उघडणार, हा प्रश्न उरतोच.