ठेका न धरणारे हात

तबला शिकलेल्या माणसाने अमेरिकी जॅझ ड्रमर मिल्फर्ड ग्रेव्हज यांचे हात एकदा नीट बघावेत. 2018 साली त्यांच्यावर ‘फुल मँटिस’ हा माहितीपट आला. तो मी जागोजागी थांबवून, मागे नेऊन पाहिला, तो या हातांसाठीच. काठी कातड्याच्या मध्यावरच पडेल असे नाही; ती कडेवर पडते, कडेच्या आत पडते, मग एकदम मध्ये येते. चाट, लव, शाई या तबल्यावरच्या आपल्या ओळखीच्या जागा. ड्रमलाही अशा जागा असतात, हे ग्रेव्हज वाजवून दाखवतात. ड्रमची खालची कातडी त्यांनी काढून टाकली होती, स्नेअर ड्रमखालच्या तारांचा खडखडाटही नको म्हणाले होते. उरला तो मोकळा घुमारा. तरुणपणी, 1965 च्या सुमारास, ते तबला शिकले होते हे नंतर वाचले, तेव्हा नवल वाटले नाही.

ठेका मात्र सापडत नाही. दोन हात, दोन पाय, प्रत्येकाची चाल निराळी. सम शोधत बसलो तर दमछाक होते. शोधणे सोडले की लय जाणवते, दाट होणारी, विरळ होणारी. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या आपल्या घराच्या तळघरात ग्रेव्हज कित्येक वर्षे माणसांच्या हृदयाचे ठोके ध्वनिमुद्रित करत होते. निरोगी हृदयाच्याही ठोक्यांमधले अंतर अगदी सारखे नसते. मग ड्रमरनेच घड्याळासारखे का वाजवावे?

अशा वादनावर घर चालत नाही. ग्रेव्हज वैद्यकीय तंत्रज्ञाचे काम शिकले, पशुवैद्यकीय प्रयोगशाळा सांभाळली, आणि 1973 ते 2012 बेनिंग्टन कॉलेजात शिकवले. त्यांच्या कारकिर्दीतला हा भाग मला वादनाइतकाच मोलाचा वाटतो. बाजाराला काय हवे ते न विचारता वाजवता आले, ते या पगारांमुळे. बेनिंग्टनच्याही आधी, 1966 मध्ये, पियानोवादक डॉन पुलन यांच्यासह येल विद्यापीठात केलेली मैफल दोघांनी स्वतःच तबकडीवर आणली. काही वेष्टने हाताने रंगवली.

12 फेब्रुवारी 2021 रोजी ग्रेव्हज गेले, हृदयाच्याच विकाराने.

ऐकायचे असेल तर येलच्या त्या मैफलीपासून सुरुवात करा. मात्रा मोजू नका, आणि अर्ध्यावर बंद करू नका.