संगणक उपकरणांतील अघोषित घटकबदल

संगणक उपकरणांतील अघोषित घटकबदल म्हणजे बाजारात आधीपासून विकल्या जाणाऱ्या उपकरणाचे नाव कायम ठेवून त्यातील अंतर्गत भाग ग्राहकाला न कळवता बदलण्याची उत्पादकांची पद्धत होय. एसएसडी व हार्ड डिस्क या साठवण उपकरणांत असे प्रकार विशेषत्वाने उघडकीस आले आहेत. प्रत्येक घटकबदल गैर नसतो. बदलामुळे कामगिरी घटूनही ते सांगितले जात नाही, तेव्हा तो वादाचा विषय ठरतो.

स्वरूप व कारणे

एसएसडीमध्ये माहिती साठवणारी फ्लॅश मेमरी आणि तिचे नियंत्रण करणारा कंट्रोलर हे प्रमुख भाग असतात. अनेक कंपन्या हे भाग इतरांकडून विकत घेतात. एखाद्या चिपचे उत्पादन थांबल्यास, तुटवडा पडल्यास किंवा किंमत वाढल्यास पर्यायी भाग वापरले जातात.

वेष्टनावरील वेग 'अमुक इतक्यापर्यंत' अशा शब्दांत दिलेला असतो. उपकरणातील वेगवान कॅशे भरेपर्यंतच तो टिकतो. त्यामुळे संथ मेमरी वापरली तरी छापील आकडा खोटा ठरत नाही. फरक जाणवतो तो मोठ्या फाइलींची नक्कल करताना. तज्ज्ञांची परीक्षणे मात्र बहुधा आरंभीच्या नमुन्यांवर आधारलेली असतात. ती वाचून खरेदी करणाऱ्याच्या हाती त्याच नावाची वेगळी वस्तू पडू शकते.

प्रमुख उदाहरणे

किंग्स्टन कंपनीच्या व्ही३०० या एसएसडीत आरंभीच्या सिंक्रोनस मेमरीऐवजी संथ असिंक्रोनस मेमरी वापरल्याचे २०१४ मध्ये उघड झाले. २०२१ मध्ये क्रुशल पी२ या एसएसडीत एका पेशीत तीन बिट साठवणाऱ्या मेमरीऐवजी चार बिट साठवणारी, स्वस्त पण संथ मेमरी आढळली. त्याच वर्षी वेस्टर्न डिजिटलच्या ब्लू एसएन५५० या एसएसडीचा कॅशे भरल्यानंतरचा लेखनवेग सेकंदाला सुमारे ६१० मेगाबाइटवरून ३९० मेगाबाइटवर आल्याचे दिसले. त्यानंतर, बदलाचा प्रसिद्ध तपशिलांवर परिणाम होणार असल्यास नवा मॉडेल क्रमांक देण्याची हमी कंपनीने दिली.

याच कंपनीच्या 'रेड' मालिकेतील काही हार्ड डिस्कमध्ये कौलांप्रमाणे एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांत माहिती लिहिण्याचे तंत्र वापरल्याचे २०२० मध्ये कंपनीने मान्य केले. अनेक डिस्कच्या संचात एक डिस्क निकामी झाल्यावर नव्या डिस्कवर माहिती पुन्हा उभारताना हे तंत्र फार संथ ठरते. पुढे जुन्या पद्धतीच्या डिस्क 'रेड प्लस' या वेगळ्या नावाने विकल्या जाऊ लागल्या.

सॅमसंगने २०२१ मध्ये ९७० ईव्हीओ प्लसचा कंट्रोलर बदलला, तेव्हा नाव तेच ठेवले. मात्र वेष्टन, भाग क्रमांक व तपशीलपत्र बदलले.

भारतातील कायदा

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये घटकबदलाचा स्वतंत्र उल्लेख नाही. तथापि वस्तूचा दर्जा, प्रमाण, मानक व किंमत यांविषयी माहिती मिळण्याचा हक्क कलम २(९) देते, तर वस्तूचा दर्जा, घटकरचना किंवा मॉडेल यांविषयी खोटे निवेदन करणे ही कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

कलम ३४ नुसार ग्राहकाला आपल्या निवासाच्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते. उदाहरणार्थ, जामसंडे येथील ग्राहकाने मुंबईतील विक्रेत्याकडून ऑनलाइन खरेदी केली असली, तरी त्याला सिंधुदुर्ग जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. तक्रार कारण उद्भवल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

ओळख

बाह्य रूपावरून बदल सहसा ओळखता येत नाही. भाग क्रमांक, उत्पादनाचा महिना व फर्मवेअरची आवृत्ती परीक्षणातील नमुन्याशी ताडून पाहिल्यास अंदाज येतो. माल परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी मोठी फाइल सलग लिहून वेग तपासणे, तसेच पावती, वेष्टन आणि विक्रेत्याच्या जाहिरातीची प्रत जपून ठेवणे तक्रारीच्या वेळी उपयोगी पडते.