‘तो’चे ‘ते’ होताना

मराठी क्रीडापानाचं एक अलिखित व्याकरण आहे. खेळतो तोवर खेळाडू ‘तो’ असतो. त्याने गोल केला, त्याने पेनल्टी घालवली, तो लंगडत बाहेर गेला. वय पस्तिशीचं असो, घरी दोन मुलं शाळेत जाणारी असोत, आपल्याकडून त्याला आदरार्थी बहुवचन मिळत नाही. मग एक दिवस तो बूट काढून ठेवतो, गळ्यात शिट्टी अडकवतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘ते’ होतो. ‘ते म्हणाले, मुलांनी मेहनत घेतली.’

हे सर्वनाम बदलताना पाहण्यात मला फार रस आहे. परदेशातून आलेल्या गोऱ्या प्रशिक्षकांविषयी भरपूर छापून येतं. आपल्याच मैदानांवर ‘तो’चे ‘ते’ झालेल्या माणसांविषयी मात्र हरले की चार ओळी, जिंकले की आठ. यांतले बरेच जण पणजी ते मुंबई, फार तर पुणे, एवढ्या पट्ट्यातच घडले.

सुरुवात आर्मांदो कुलासो यांच्यापासून करायला हवी. खेळाडू म्हणून ते भारताकडून कधीच खेळले नाहीत. त्यांच्याबाबतीत ‘तो’चा काळ वर्तमानपत्रांनी जवळजवळ पाहिलाच नाही, ते थेट ‘ते’ म्हणूनच आले. गोव्याचा डेम्पो क्लब त्यांच्या हाती होता तेव्हा 2004-05 ते 2011-12 या आठ हंगामांत पाच वेळा देशातली सर्वोच्च लीग जिंकला. 2004-05 आणि 2006-07 ला तिचं नाव नॅशनल फुटबॉल लीग होतं. 2007-08, 2009-10 आणि 2011-12 ची तीन विजेतेपदं आय-लीगची. मधे 2008 मध्ये संघ एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. कोलकात्याबाहेरच्या एखाद्या क्लबने देशाच्या फुटबॉलवर इतका काळ मांड ठोकल्याचं उदाहरण मला आठवत नाही.

यातल्या पहिल्या विजेतेपदाच्या उंबरठ्यावर एक मृत्यू आहे. 5 डिसेंबर 2004, बंगळूर, फेडरेशन कपचा अंतिम सामना, समोर मोहन बागान. डेम्पोचा ब्राझिलियन आघाडीवीर क्रिस्तियानो ज्युनिअर याने सामन्यात दोन गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर झाली आणि तो कोसळला तो उठलाच नाही. डेम्पोने कप जिंकला तो 2-0 असा, त्याच दोन गोलांवर. त्याची दहा नंबरची जर्सी क्लबने कायमची निवृत्त केली. आणि त्याच हंगामात हा संघ लीग जिंकला. खेळाडूंना सकाळी सरावाला बोलावणं, त्यांच्याकडून पुन्हा धावून घेणं, गोलपुढे पुन्हा उड्या मारायला लावणं हे त्या महिन्यांत कुणीतरी केलंच असणार. प्रशिक्षणाच्या कोणत्याही अभ्यासक्रमात हा धडा नसतो.

कुलासोंच्या डेम्पोत रँटी मार्टिन्स हा नायजेरियन आणि बेटो हा ब्राझिलियन यांचा गवगवा साहजिकच जास्त झाला. 2011 मध्ये याच संघाने मुंबईच्या एअर इंडियावर 14-0 असा विजय मिळवला, त्यात एकट्या रँटीचे सहा गोल होते. पण संघाचा कणा गोव्याच्या मुलांचा होता आणि तो वर्षानुवर्षं मोडला नाही. बचावात समीर नाईक, नंतर आलेला महेश गवळी, मधल्या फळीत क्लायमॅक्स लॉरेन्स, डाव्या बाजूला क्लिफर्ड मिरांडा. मोठे क्लब दर मोसमात गाठोडं बांधून नवा संघ उभा करत होते, तेव्हा कुलासोंनी हीच माणसं धरून ठेवली. माझ्या मते त्यांचं खरं कसब फळ्यावरच्या आकृत्यांत नव्हतं, ते या धरून ठेवण्यात होतं.

राष्ट्रीय संघाची जबाबदारी त्यांच्याकडे 2011 मध्ये आली, बॉब हॉटन गेल्यावर. विश्वचषक पात्रता फेरीत संयुक्त अरब अमिरातीविरुद्धच्या पहिल्या सामन्यात अर्धा तास व्हायच्या आत भारताच्या दोघांना लाल कार्ड मिळालं, त्यात गोलरक्षकही होता. सामना 3-0 असा गेला. दिल्लीतला परतीचा सामना 2-2 असा सुटला. काही महिन्यांतच ते पायउतार झाले. त्यांच्यानंतर आलेले सावियो मदेराही गोव्याचेच, साळगांवकर क्लबच्या मधल्या फळीतून वर आलेले. त्यांनी त्याच वर्षी दक्षिण आशियाई देशांचा सॅफ करंडक जिंकून दिला, अंतिम सामन्यात अफगाणिस्तानला 4-0 हरवून. पुढच्या मार्चमध्ये काठमांडूच्या एएफसी चॅलेंज कपमध्ये तीनही सामने गेले आणि त्यांचंही पर्व आटोपलं. क्लबच्या प्रशिक्षकाला आठ वर्षं देणारा देश स्वतःच्या प्रशिक्षकाला आठ महिने देताना का कां-कू करतो, हे कोडं मला सुटलेलं नाही. कुलासोंना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला तो 2024 सालचा, जीवनगौरव गटात. डेम्पोच्या शेवटच्या विजेतेपदाला तोवर बारा वर्षं उलटून गेली होती.

आता मुंबईकडे येऊ. इथे कूपरेजवर दोन घराणी होती म्हणा ना. एक एअर इंडियाचं. तिथे बिमल घोष यांनी वर्षानुवर्षं मुलं घडवली आणि 2022 चा द्रोणाचार्य जीवनगौरव मिळवला. दुसरं महिंद्र युनायटेडचं, थोडं श्रीमंत. महिंद्रने 2005-06 ची नॅशनल लीग जिंकली. मुंबईच्या क्लबने ती जिंकल्याचा तो एकमेव प्रसंग. प्रशिक्षक होते डेरिक परेरा. खेळाडू म्हणून हा साळगांवकरचा बचावपटू, म्हणजे पुन्हा गोवा. त्यांच्या त्या संघात दुखापतींनी बेजार झालेला एक मधल्या फळीतला खेळाडू होता, खालिद जमील. 1977 मध्ये कुवेतमध्ये जन्मलेला हा मुलगा मुंबईत येऊन 1998 ते 2002 एअर इंडियाकडून खेळला, मग महिंद्रत आला. म्हणजे दोन्ही घराण्यांची तालीम त्याला मिळाली. स्टीवन डायस हा चपळ विंगरही त्याच महिंद्रत होता. पुढे जमशेदपूरमध्ये तो खालिदचा सहायक झाला.

इथे एक निरीक्षण नोंदवतो, सिद्धांत म्हणून नव्हे. परेरा, समीर नाईक, गवळी हे बचावपटू. मदेरा, जमील मधल्या फळीतले. आघाडीवीर या यादीत जवळजवळ नाहीत. स्टॉपरला सगळा सामना डोळ्यांपुढे दिसतो आणि नव्वद मिनिटं तो ओरडतच असतो, ‘लाइन वर घे’, ‘माणूस सोडू नकोस’. त्याने प्रशिक्षक व्हायचं म्हणजे ओरडायची जागा चुन्याच्या रेषेबाहेर न्यायची, एवढंच. आघाडीवीराची बहुतेक कारकीर्द गोलकडे तोंड करून जाते. या समजुतीला क्लिफर्ड मिरांडा हा विंगर छेद देतो, त्याच्याकडे येतोच.

खालिद 2007 मध्ये नव्यानेच निघालेल्या मुंबई एफसीत गेला. शरीर साथ देईना. 2009 मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, त्याने खेळणं थांबवलं आणि त्याच क्लबचे प्रशिक्षक झाले. एकाच वाक्यात ‘त्याने’ आणि ‘झाले’ आलं ते चुकून नाही. काल ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला, त्यांच्यातल्या कुणाला बाकावर बसवायचं हे आज ठरवायचं, ही या धंद्यातली सर्वांत अवघड पायरी. परदेशी प्रशिक्षकाला ती चढावीच लागत नाही.

सात हंगाम ते मुंबई एफसीत राहिले. खरं सांगायचं तर तो फुटबॉल पाहायला फारसा देखणा नव्हता. मागे माणसं उभी करायची, एक गुण वाचवायचा, जमलं तर पलटवार करायचा. स्टँडमध्ये आम्ही जांभया द्यायचो. पण तुटपुंज्या खर्चातला तो क्लब दरवर्षी लीगमध्ये तगून राहायचा. 2016 मध्ये ते गेले, आणि पुढच्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन खालच्या श्रेणीत घसरली. आमच्या जांभयांची किंमत तेव्हा कळली.

ते गेले मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे. हा क्लब 2015-16 मध्ये आय-लीगमधून खाली गेला होता. परत आला तो एका भांडणामुळे. 2016 मध्ये इंडियन सुपर लीगला (आयएसएल) देशाची मुख्य लीग करण्याच्या आराखड्याचा निषेध म्हणून गोव्याचे डेम्पो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग क्लब हे तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. रिकाम्या जागांमुळे ऐझॉलला पुन्हा प्रवेश मिळाला. जयेश राणे, आशुतोष मेहता ही मुंबईची मुलं खालिदसरांमागोमाग तिकडे गेली. 30 एप्रिल 2017 रोजी शिलाँगमध्ये लाजोंगविरुद्ध 1-1 अशी बरोबरी साधून ऐझॉलने 18 सामन्यांत 37 गुणांसह आय-लीग जिंकली. मोहन बागान एका गुणाने मागे राहिले. ईशान्येकडचा पहिला विजेता संघ. गोव्याने दार लावून घेतलं, म्हणून मिझोरामचं उघडलं, आणि त्यातून आत गेला मुंबईचा माणूस.

या माणसांच्या कारकिर्दी एकाखाली एक लिहून पाहिल्या तेव्हा त्यांच्या पायाखालचे क्लबच किती वेगाने नाहीसे झाले ते माझ्या लक्षात आलं. महिंद्र युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. एअर इंडियाला 2013 मध्ये परवान्याच्या निकषांवर आय-लीगबाहेर काढलं गेलं. मुंबई एफसी घसरल्यावर पुन्हा उठली नाही. परेरा महिंद्रनंतर पुणे एफसीत आले. 2012-13 मध्ये त्यांनी बालेवाडीच्या या क्लबला लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर नेलं. पुढे तो क्लब मिटला, त्याची अकादमी एफसी पुणे सिटीने घेतली. मग 2019 मध्ये पुणे सिटीही आवरलं. खेळाडू दुसरा क्लब शोधतो. प्रशिक्षकाचं तसं नसतं, कारण क्लबमागे एकच खुर्ची असते. शिवाय त्याने बारा-चौदा वर्षांच्या पोरांवर केलेली मेहनत फळाला येईपर्यंत पाटीच बदललेली असते. सतरा वर्षांखालील विश्वचषकात 2017 मध्ये भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुणे एफसीच्या अकादमीतून गेला होता.

कोल्हापूरचं नाव निघालंच आहे तर दोन शब्द. तिथे क्लब बुडत नाहीत, कारण ते कंपनीचे नसून पेठेचे आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमी. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असला की अख्खी पेठ गॅलरीत बसते आणि प्रत्येकाला प्रशिक्षकापेक्षा जास्त कळत असतं. प्रशिक्षक बहुधा त्याच तालमीचा जुना खेळाडू, नोकरीधंदा सांभाळून संध्याकाळी मैदानावर येणारा. तिथे ‘ते’ वगैरे भानगड नाही. सामना हरला की गल्लीतला शाळकरी पोरगाही विचारतो, ‘त्याला का रं भाईर काढलंस?’

डेम्पोच्या त्या जुन्या ड्रेसिंग रूमचं काय झालं, ते पाहण्यासारखं आहे. मिरांडा तिथे जवळजवळ दीड दशक खेळला. 2020 मध्ये एफसी गोवाने सर्जिओ लोबेरा यांना हंगामाच्या शेवटाकडे अचानक काढलं, तेव्हा संघ हंगामी प्रशिक्षक म्हणून मिरांडांकडे आला. साखळीत अव्वल राहून एफसी गोवा एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात पोहोचणारा पहिला भारतीय क्लब ठरला. एप्रिल 2023 मध्ये, पुन्हा हंगामी म्हणूनच, त्यांनी ओडिशा एफसीला सुपर कप जिंकून दिला. आपल्याकडच्या प्रशिक्षकांच्या नावापुढे ‘हंगामी’ हे विशेषण इतकं घट्ट चिकटलंय की ते आडनावच वाटावं. 2014 मध्ये सुरू झालेल्या आयएसएलला कायमस्वरूपी भारतीय मुख्य प्रशिक्षक नेमायला 2021 उजाडावं लागलं. ते खालिद जमील, नॉर्थईस्ट युनायटेडचे. तेही आधी हंगामी म्हणून संघ प्लेऑफपर्यंत नेऊन दाखवल्यावर.

यात परवान्याचाही भाग आहे. आशियाई महासंघाच्या डी, सी, बी, ए आणि शेवटी प्रो अशा पायऱ्या चढायच्या, त्याला वर्षं लागतात आणि पैसाही. जुन्या पिढीतले कितीतरी जण इथे अडकले. 2012-13 मध्ये चर्चिल ब्रदर्सने आय-लीग जिंकली तेव्हा सुभाष भौमिक हे बडं नाव तांत्रिक संचालक होतं आणि मुख्य प्रशिक्षक म्हणून मारियानो डायस बसत होते, ते याच नियमामुळे. परवाना हवाच, याबद्दल माझं दुमत नाही. पण तो हाती असूनही सहायकाच्या खुर्चीवरच बसवून ठेवायचं असेल तर इतका खटाटोप कशाला?

महेश गवळी भारताच्या संघाचे सहायक झाले. 2023 च्या सॅफ स्पर्धेत मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमॅक निलंबित असताना उपांत्य आणि अंतिम अशा दोन्ही सामन्यांत बाकावर तेच होते, आणि दोन्ही भारताने पेनल्टींवर जिंकले. समीर नाईक मात्र घरीच राहिले. बऱ्याच वर्षांच्या वनवासानंतर डेम्पो 2024-25 मध्ये आय-लीगमध्ये परतला, तेव्हा संघ त्यांच्या हाती होता. कुलासोंच्या बचावफळीतला ‘तो’, त्याच क्लबचे ‘ते’.

आणि ऑगस्ट 2025 मध्ये खालिद जमील भारताचे प्रशिक्षक झाले. मदेरांनंतर कायम नेमणूक मिळालेले पहिले भारतीय. मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपमध्ये पहिल्याच सामन्यात यजमान ताजिकिस्तानला 2-1 हरवलं, मग ओमानला पेनल्टींवर नमवून तिसरा क्रमांक मिळवला. वर्तमानपत्रांत आदरार्थी बहुवचनाला भरतं आलं. 14 ऑक्टोबरला आशिया चषकाच्या पात्रतेसाठी सिंगापूर समोर होतं, मैदान गोव्यातलं फातोर्डा. भारताच्या छांगटेने लवकर गोल केला. मग सिंगापूरने दोन केले. भारत स्पर्धेबाहेर गेला. घरी टीव्हीसमोर आम्ही चौघे बसलो होतो. शेवटची शिट्टी झाल्यावर एकजण रिमोट टाकत म्हणाला, ‘याला कुणी केला रे कोच?’

अडीच महिन्यांत ‘ते’ पुन्हा ‘हा’ झाले होते.