दुकान, व्रत आणि लांब धाव

नालासोपाऱ्याहून पश्चिमेला निघालेला रस्ता निर्मळच्या तळ्यापाशी येतो तेव्हा इमारतींची दाटी मागे पडलेली असते. टेकडीवर परंपरेने शंकराचार्यांची समाधी म्हणून पूजिले जाणारे मंदिर, जवळच होली क्रॉस चर्च, आजूबाजूला केळी-नारळींच्या वाड्या, एका अंगाला वाघोली आणि समुद्राच्या बाजूला कळंबचा किनारा, अशी ही बहुतांशी सपाट आणि सावलीची वाट आहे. पहाटेच्या अंधारात येथून फुले आणि भाजी मुंबईच्या बाजाराला जातात, हा वसईचा जुना क्रम. अलीकडे त्या टोपल्यांच्या जोडीने पायात बूट घालून धावणारी माणसेही या रस्त्याला दिसू लागली आहेत. वसई-विरार महानगरपालिकेची महापौर मॅरेथॉन 2011 साली सुरू झाली आणि तेव्हापासून पूर्ण 42 किलोमीटर व अर्ध्या 21 किलोमीटरच्या शर्यतीची भाषा या भागात घरोघरी पोहोचली. त्यात व्यापारी कुटुंबांतील चाळिशी-पन्नाशीची मंडळीही आहेत.

या मंडळींचा प्रश्न उत्साहाचा नाही, आठवड्याचा आहे. दिवस सात, त्यांतले सहा दुकानाचे. उरलेला एक दिवस घराचा, मंदिराचा, लग्नकार्याचा आणि आता धावण्याचाही. त्यामुळे होते असे की, सहा दिवस काही न करता सातव्या दिवशी एकदम पंधरा किलोमीटर धावले जाते आणि सोमवारी गुडघा धरून पेढीवर बसावे लागते. दुसरा प्रकार याच्या उलट. हिशेबी स्वभावाचा माणूस एकही दिवस वाया घालवायचा नाही म्हणून रोज धावतो आणि दोन-तीन महिन्यांत टाचेचे किंवा नडगीचे दुखणे घेऊन बसतो. दोन्ही प्रकारांत चूक एकच आहे. लांब धाव आणि विश्रांती ही एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत, हे ध्यानात घेतलेले नसते.

आठवड्यातून एकदा लांब धावण्याची प्रथा जगभर रुजवण्यात न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड यांचा वाटा मोठा आहे. हे गृहस्थ बुटांच्या कारखान्यात नोकरी करीत आणि पहाटे दुधाची फेरीही करीत. म्हणजे वेळेची टंचाई त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही. ऑकलंडजवळच्या वाइतारुआ डोंगरातील सुमारे 35 किलोमीटरची फेरी त्यांचे शिष्य रविवारी पूर्ण करीत. त्यांपैकी पीटर स्नेल 800 मीटरची आणि मरे हॅलबर्ग 5000 मीटरची शर्यत रोम ऑलिंपिकमध्ये 1960 साली एकाच दिवशी जिंकले. तथापि सामान्य वाचकाच्या दृष्टीने लिडियार्ड यांचे याहून मोठे काम म्हणजे त्यांनी 1962 च्या सुमारास ऑकलंडमध्ये प्रौढ आणि हृदयरुग्ण नागरिकांना संथ धावायला लावले. अमेरिकेतील प्रशिक्षक बिल बोअरमन तेथे पाहुणे म्हणून गेले असता, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थाबरोबर धावताना त्यांचीच दमछाक झाली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पुढे याच बोअरमन यांनी कठीण दिवसानंतर सोपा दिवस हा दंडक आपल्या शिष्यांना घालून दिला. तरुण खेळाडू कुरकुरत, पण ते बधले नाहीत.

या दंडकामागचे कारण शरीराच्या कारभारात आहे. स्नायू आणि यकृत मिळून साधारण चार-पाचशे ग्रॅम साखर साठवून ठेवतात. लांब आणि संथ धावेने शरीर चरबी जाळायला शिकते, ही साखर जपून वापरते, स्नायूंमधील सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढतात. परंतु हे बदल धावताना होत नाहीत. धावताना झीज होते. भर पडते ती नंतरच्या झोपेत, जेवणात आणि निवांतपणात. शिवाय सर्व अवयव एका वेगाने तयार होत नाहीत. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात, स्नायुबंध आणि हाडे यांना महिने लागतात. दम टिकतो म्हणून पायही टिकतील असे समजणे म्हणजे उलाढाल वाढली म्हणून भांडवलही वाढले असे समजण्यासारखे आहे.

किती वाढवावे, याविषयी दर आठवड्याला दहा टक्क्यांचा जुना नियम सर्वत्र सांगितला जातो. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे नवशिक्यांवर झालेल्या आणि 2008 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हळूहळू वाढवणाऱ्या व भरभर वाढवणाऱ्या अशा दोन्ही गटांत सुमारे पाचातील एकाला दुखापत झाली. त्यामुळे आठवड्याच्या बेरजेवरचा विश्वास थोडा डळमळला. त्यानंतर 2025 साली पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या नोंदींवरून असे दिसले की, मागील तीस दिवसांतील सर्वांत लांब धावेपेक्षा एखादी धाव दहा टक्क्यांहून अधिक लांबवली की दुखापतीचा धोका वाढतो. म्हणजे लक्ष ठेवायचे ते आठवड्याच्या बेरजेपेक्षा त्या एका लांब धावेवर. हिशेब चक्रवाढीचा आहे. आठ किलोमीटरवरून सोळावर जायला दरवेळी दहा टक्के धरून आठ वाढी लागतात. दर चौथ्या आठवड्यात अंतर कमी करायचे ठरवले तर दहा-अकरा आठवडे. अर्ध्या मॅरेथॉनची तयारी एवढ्यात आरामात होते. पूर्ण मॅरेथॉनचा मोह दुकानदाराने पहिल्या वर्षी टाळलेलाच बरा. तिला वेळ दुप्पट लागतो आणि थकवा दुपटीहून जास्त.

रविवारी बंद असणाऱ्या दुकानाचा आठवडा घेऊ. रविवारी पहाटे चौदा किलोमीटर, शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्या संथपणे. सोमवारी धावणे नाही. मंगळवारी पाच किलोमीटर, तेही सावकाश. बुधवारी घरीच वीस मिनिटे पोटऱ्या, मांड्या आणि कंबर यांचे व्यायाम. गुरुवारी सहा, त्यांतले मधले दोन-तीन किलोमीटर थोड्या वेगाने. शुक्रवारी पुन्हा पाच सावकाश. शनिवारी पूर्ण विश्रांती. बेरीज तीस किलोमीटर, आणि त्यांत लांब धाव जवळजवळ निम्मी. लांब धाव आठवड्याच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठी नसावी असे पुस्तके सांगतात. पण तो नियम आठवड्यातून सहा दिवस धावणाऱ्यांसाठी आहे. चार दिवसांच्या आठवड्यात तो पाळता येत नाही, म्हणूनच ती धाव संथ हवी आणि तिच्या आधीचा व नंतरचा दिवस मोकळा हवा. ज्या बाजारपेठेची सुट्टी मंगळवारी किंवा गुरुवारी असते, तेथील व्यापाऱ्याने हे सारे चक्र त्या वाराभोवती फिरवावे. शरीराला वाराचे नाव कळत नाही.

येथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. कापडाच्या, भांड्यांच्या किंवा किराणा मालाच्या दुकानात दहा-अकरा तास उभे राहणे, फळीवरून ठाण उतरवणे, माळ्यावर चढणे, याला विश्रांती म्हणता येत नाही. कार्यालयात खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी लिहिलेले वेळापत्रक दुकानदाराने जसेच्या तसे उचलले की सोमवार कोरा दिसतो, पण पाय मात्र दिवसभर उभेच असतात. लांब धावेच्या दुसऱ्या दिवशी गल्ल्यावर बसण्याचे काम आपल्याकडे घ्यावे आणि माल दाखवण्याचे काम मुलाने किंवा भावाने करावे, इतकी वाटणी घरच्या धंद्यात सहज होऊ शकते. ती होत नसेल तर मंगळवारची धाव सोडून द्यावी. एक सोडलेली धाव भरून काढण्यासाठी दुसऱ्या दिवशी दुप्पट धावू नये. थकबाकी वसूल करण्याची ही जागा नव्हे.

वर्षाचा मेळ आठवड्याच्या मेळापेक्षाही अवघड. वसईची शर्यत साधारणपणे डिसेंबरच्या पूर्वार्धात असते. सोळा आठवडे मागे मोजले तर तयारी ऑगस्टच्या मध्यावर सुरू व्हायला हवी, आणि तेव्हा पर्युषण किंवा दशलक्षण दाराशी असते. त्यानंतर आश्विनातील आयंबिलाची ओळी, तिच्या पाठोपाठ दिवाळीचा हंगाम. दिवाळी शर्यतीच्या चार ते सात आठवडे आधी, म्हणजे लांब धावा सर्वांत लांब असण्याच्या ऐन काळात येते, आणि त्याच काळात दुकान रात्री उशिरापर्यंत उघडे असते. यावर उपाय एकच, आणि तो आधी ठरवण्याचा आहे. तयारी आषाढातच सुरू करून पर्युषणापर्यंत दहा किलोमीटरची बैठक पक्की करावी. पर्वाच्या दिवसांत केवळ चालावे. अट्ठाई करणाऱ्याने पारण्यानंतर किमान आठवडाभर धावण्याचा विचारही करू नये, आणि पुढची पहिली धाव पूर्वीच्या निम्मी असावी. ओळीत एकदाच आणि तेल-तूप-दुधाविना जेवण असल्याने लांब धाव नको. अर्ध्या तासाची संथ फेरी फार झाली. धनत्रयोदशी ते भाऊबीज हा आठवडा कपातीचा आठवडा म्हणून आधीच वहीत मांडून ठेवावा. तो बुडाला अशी खंत मग राहत नाही.

पाण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. डिसेंबरात सूर्यास्त संध्याकाळी सहाच्या सुमारास आणि सूर्योदय सातच्या सुमारास. नवकारशी त्यानंतर 48 मिनिटांनी. चोविहार आणि नवकारशी दोन्ही पाळणारा पावणेचौदा तास पाण्याविना असतो. अशा अवस्थेत पाऊण तास संथ धावणे निरोगी माणसाला बहुधा झेपते, परंतु दोन तासांची धाव दमट किनाऱ्यावर झेपेल असे मानणे धाडसाचे आहे, आणि ऑक्टोबरच्या उन्हात तर ते सरळ धोक्याचे आहे. थंडीत लांब धाव नवकारशीनंतर सुरू करता येते. शर्यत मात्र पहाटेच सुटते. रात्री पाणी मोकळे ठेवणाऱ्या तिविहाराची सोय परंपरेतच आहे. पहाटेचा प्रश्न त्याने सुटतोच असे नाही. म्हणून निर्णय गुरुमहाराजांना विचारून आणि शर्यतीच्या कित्येक आठवडे आधी घ्यावा, आदल्या रात्री नव्हे. मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे चालू असणाऱ्यांनी आणि चाळिशीनंतर प्रथमच धावू लागलेल्यांनी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घेतल्याशिवाय लांब अंतराला हात घालू नये. दोन तासांच्या धावेत नुसते पाणी भरमसाट पिणेही घातक असते. रक्तातील क्षार पातळ होतात. उकळून गार केलेल्या पाण्यात साखर-मीठ घालून तहानेपुरते घ्यावे.

धावणाऱ्यांना उकडलेला बटाटा आणि रताळे यांची शिफारस सर्रास होते. कंदमुळे न खाणाऱ्यांनी त्यासाठी हळहळण्याचे कारण नाही. केळे, खजूर, भात, पोहे यांत तीच शक्ती आहे, आणि वसईकराच्या हाताशी तर सुकेळी आहे. राजेळी केळी वाळवून केलेली ही सुकेळी खिशात मावते, पोटाला जड होत नाही. बाजारातील तयार चाटणांत कधी मध असतो आणि चघळण्याच्या गोळ्यांत जिलेटिन. वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचण्याची सवय व्यापाऱ्याला असतेच.

घरातील स्त्रीविषयी मात्र या सगळ्या वेळापत्रकांत फारसे काही नसते. या वाटेवर आता सुना आणि मुलीही धावतात. त्यांची लांब धाव संपते तेव्हा घरात नाश्त्याची वेळ झालेली असते, आणि सुट्टीच्या दिवशी पाहुणेही असतात. पुरुषाने पंधरा किलोमीटर धावून आल्यावर त्याला लिंबूपाणी हातात मिळते. तिने धावून आल्यावर कढई तिची वाट पाहत असते. तिच्या लांब धावेच्या दिवशी स्वयंपाकाची जबाबदारी दुसऱ्या कोणी उचलली नाही तर तिच्या आठवड्यात विश्रांतीचा दिवस नावालाही उरत नाही, आणि तिच्या दुखापतींची कारणे मग उगाच बुटांत शोधली जातात.

शर्यतीआधीच्या शेवटच्या आठवड्यांत आणखी एक स्थानिक गोष्ट आड येते. कार्तिक वद्य एकादशीपासून निर्मळची जत्रा भरते, आणि एरवी मोकळा असणारा रस्ता दुकाने आणि माणसे यांनी भरून जातो. ही अडचण बहुतेक वर्षी सोयीचीच ठरते, कारण शर्यतीआधीचे दोन आठवडे अंतर कमी करण्याचेच असतात. ज्याला त्या रविवारीही धावायचे आहे त्याने वाघोलीवरून आगाशीची बाजू धरावी. मुनिसुव्रत स्वामींच्या मंदिरात दर्शन घेऊन परतणारे काही धावपटू असेही आहेत, आणि त्यांचा वेग त्या दिवशी आपोआप योग्य राहतो. कळंबच्या वाळूत जायचे तर ओहोटीच्या घट्ट वाळूवर, आणि थोडेच. किनारा एका बाजूला उतरता असतो व एक घोटा सतत वाकडा पडतो. अंधारात धावताना समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या कडेने जावे आणि अंगावर चमकणारी पट्टी असावी, कारण भाजीचे टेम्पो त्या वेळी घाईत असतात.

शर्यत रविवारी सकाळी संपते आणि दुकान सोमवारी उघडते. त्या सोमवारी, आणि शक्य तर मंगळवारीही, उभे राहण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे. अर्ध्या मॅरेथॉननंतर आठवडाभर आणि पूर्ण मॅरेथॉननंतर दोन-तीन आठवडे केवळ चालणे आणि अगदी हलके धावणे, एवढेच. पुढच्या वर्षीच्या शर्यतीची नावनोंदणी त्यानंतर करावी. पहिल्या संध्याकाळी, पदक गळ्यात असताना, ती करू नये.