डोंगरवाटेसाठी जीपीएस यंत्राची निवड

आकाश निरभ्र असता कळंबोलीहून पूर्वेकडे पाहिले म्हणजे प्रबळगडाचे विस्तीर्ण पठार व त्याशेजारचा कलावंतिणीचा सुळका दृष्टीस पडतो. सुट्टीच्या दिवशी मुंबई व नवी मुंबईकडील पुष्कळ मंडळी या डोंगरांवर जातात. त्यांस वाट दाखविणे, भोजन देणे व मुक्कामाची सोय करणे हा ठाकूरवाडी, प्रबळमाची यांसारख्या वस्त्यांतील अनेक कुटुंबांचा शेतीस पूरक असा जोडधंदा झाला आहे. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरणही जाहीर केले. अशा बांधवांनी हातात मावणारे जीपीएस यंत्र घ्यावे काय, व घ्यावयाचे झाल्यास कोणते, याचा येथे विचार करावयाचा आहे.

स्थानिक मनुष्यास वाट पाठ असते, मग यंत्राचे प्रयोजन काय, असे कोणी म्हणेल. परंतु श्रावणात पठारावर ढग उतरले, गवत कमरेइतके वाढले व कारवीने पायवाट झाकली, म्हणजे जाणत्याचाही अंदाज चुकतो. मागे दहा पाहुणे असता ती चूक त्यास एकट्यास भोवत नाही.

यंत्राचे कार्य समजून घेतल्यास निवड सोपी होते. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह अचूक वेळेचा संकेत अखंड पाठवीत असतात. संकेत पोहोचण्यास किती वेळ लागला यावरून यंत्र अंतर काढते. हा संकेत सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर वेगाने येतो. त्यामुळे वेळेत एक दशलक्षांश सेकंदाची चूक म्हणजे अंतरात ३०० मीटरांची चूक. यंत्रातील घड्याळाची ही चूक दुरुस्त व्हावी यास्तव निदान चार उपग्रहांचे संकेत मिळणे आवश्यक असते. २ मे २००० पूर्वी अमेरिकेचे सरकार नागरी संकेतात हेतुपुरस्सर दोष ठेवीत असे व चूक शंभर मीटरांपर्यंत जाई. तो दोष काढताच दुसऱ्या दिवशी, ३ मे रोजी, ओरेगॉन राज्यात एका हौशी गृहस्थाने रानात एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. जिओकॅशिंग या शोधाच्या खेळाचा आरंभ तो. हा खेळ खेळणारे पाहुणे आपणाकडे आल्यास कर्नाळा अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीविना डबा लपविता येणार नाही, हे त्यांस आधीच सांगावे.

उघड्या माळावर आजचे साधे यंत्र तीन ते पाच मीटरांच्या आत स्थान दाखविते. कड्याखाली, दाट झाडीत वा घळीत ही चूक वाढते, कारण संकेत अडतात किंवा खडकावर आपटून लांबच्या मार्गाने येतात. यास्तव अमेरिकन उपग्रहांबरोबरच रशियन व युरोपीय उपग्रहांचेही संकेत घेणारे यंत्र पसंत करावे. आपल्या इस्रोच्या नाविक प्रणालीची सोय असल्यास उत्तमच, मात्र केवळ तिच्यावर विसंबणारे यंत्र घेऊ नये.

सर्वांत मोलाचा गुण म्हणजे चाललेल्या वाटेची नोंद ठेवून त्याच वाटेने परत नेण्याची सोय. यंत्रावरील बाण ठरलेल्या स्थळाकडे सरळ रेषेत दिशा दाखवितो. मध्ये कडा आहे की ओढा, हे त्यास ठाऊक नसते. धुक्यात बाणामागे जाणारा मनुष्य कड्याच्या टोकाशी पोहोचू शकतो. आपल्याच पावलांची नोंद मात्र सुरक्षित वाट दाखविते. दुकानदार पडद्याच्या रंगांची वाखाणणी करीत असता ग्राहकाने प्रथम हेच विचारावे.

विजेची सोय नसलेल्या वस्तीत पेन्सिल सेलवर चालणारे यंत्र बरे. सेल संपले तर जागच्या जागी बदलता येतात. ओल्या बोटांस स्पर्शाचा पडदा दाद देत नाही, म्हणून बटणांचे यंत्र घ्यावे. आयपीएक्स ७ हे चिन्ह असल्यास यंत्र एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते असे समजावे. स्वस्त यंत्रातील दिशादर्शन चालतानाच काम देते, उभे राहिल्यास नाही. होकायंत्र असलेले यंत्र वापरताना कमरेचा कोयता दूर ठेवावा!

भ्रमणध्वनी पुरेसा नाही काय? वर्षातून दोनचार वेळा, कोरड्या ऋतूत जाणाऱ्यास तो पुरतो. नकाशा आधी उतरवून ठेवल्यास नेटवर्कविनाही त्यावर स्थान कळते. नित्य वाटाड्याचे काम करणाऱ्याने मात्र वेगळे यंत्र घ्यावे.

एका बाबतीत स्पष्ट इशारा देणे अवश्य आहे. या यंत्राने शेताची हद्द ठरवू नये. गुंठ्याची बाजू अवघी ३३ फूट, म्हणजे सुमारे दहा मीटर. एका बाजूस तीन मीटर चूक झाली तर क्षेत्र जवळजवळ तीस टक्क्यांनी फुगते. चौरस एकरातही तेवढ्याच चुकीने पावणेदोन गुंठ्यांहून अधिक फरक पडतो. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाच्या आसमंतात दोन गुंठ्यांवरून भाऊबंदकी पेटण्यास वेळ लागत नाही. हद्द कायम करण्यासाठी भूमि अभिलेख कार्यालयाकडेच मोजणीचा अर्ज करावा.

तसेच, काही महाग यंत्रांत उपग्रहामार्फत संदेश पाठविण्याची सोय असते. दूरसंचार विभागाच्या परवानगीविना अशी यंत्रे बाळगणे आपल्या देशात गुन्हा ठरू शकतो. केवळ संकेत घेणाऱ्या यंत्रास ही अडचण नाही. परदेशातील आप्त भेट म्हणून यंत्र पाठविणार असल्यास त्यांस हे आधी कळवावे.

खरेदीपूर्वी परीक्षा घ्यावी, पण ती कळंबोलीच्या लोखंड बाजारात पत्र्यांच्या गोदामांमध्ये नव्हे. तेथे चांगले यंत्रही भलतेच स्थान दाखवील. मोकळ्या मैदानात एका खुणेवर यंत्र दहा मिनिटे ठेवून आकडे लिहून घ्यावे, फेरी मारून त्याच खुणेवर यावे व आकडे ताडून पाहावे. अक्षांशातील एका सेकंदाचा फरक म्हणजे सुमारे ३१ मीटर. आकडे लिहिण्याची पद्धतही एकच ठेवावी: १९ अंश १ मिनिट ३० सेकंद म्हणजे १९.०२५ अंश, कोणी ते १९.०१३० असे लिहिले तर शोधणारी मंडळी सव्वा किलोमीटरहून अधिक दूर जातील. पावसाळ्यापूर्वीच, वाट उघडी असताना, एकदा वर जाऊन फाटे, पाण्याची टाकी, झरे व वस्तीचे पहिले घर यांची नोंद यंत्रात करावी आणि तेच आकडे वहीत लिहून ती वही घरी ठेवावी.