परदेशी कामाचा परवाना आणि जोडधंदा

परदेशात नोकरीसाठी मिळालेल्या परवान्यावर राहत असताना मूळ नोकरीव्यतिरिक्त चालवलेला व्यवसाय म्हणजे अशा व्यक्तीचा जोडधंदा होय. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात हा शब्द शेतीला पूरक असलेल्या दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन इत्यादींसाठी रूढ आहे. पुणे जिल्ह्यातील शिरूर, दौंड यांसारख्या तालुक्यांतून परदेशी गेलेल्या नोकरदाराच्या बाबतीत मात्र अनेकदा घरची शेतीच जोडधंद्याच्या जागी येते. अशा व्यक्तीस दोन देशांचे कायदे एकाच वेळी लागू होतात. एक पाळला म्हणजे दुसरा पाळला गेला असे होत नाही.

परवान्याची मर्यादा

कामाचा परवाना बहुधा विशिष्ट मालक व विशिष्ट पद यांच्याशी बांधलेला असतो. अमेरिकेत एच-१बी व्हिसाधारकास ज्या कंपनीने त्याच्यासाठी अर्ज केला तिच्याकडेच काम करता येते. दुसरीकडे अंशकालीन काम करायचे असल्यास त्या कंपनीनेही स्वतंत्र अर्ज करावा लागतो. मालकी आणि काम यांत तेथे भेद केला जातो. समभागांवरील लाभांश, ठेवींचे व्याज किंवा घरभाडे घेण्यास हरकत नसते. ग्राहक मिळवणे, माल पाठवणे, सेवा देणे हे मात्र काम ठरते. पैसे भारतातील खात्यात जमा होतात म्हणून अमेरिकेत बसून केलेले काम या नियमातून सुटते, हा समज निराधार आहे. १७ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार स्वतःच्या कंपनीमार्फतही एच-१बी मिळवता येतो, परंतु तशी पहिली मंजुरी व पहिली मुदतवाढ प्रत्येकी १८ महिन्यांपुरतीच असते. नियमभंग झाल्यास व्हिसाधारकाबरोबर त्याच्यावर अवलंबून असलेल्या पत्नी व मुलांचे वास्तव्यही धोक्यात येते.

ब्रिटनमध्ये कुशल कामगार व्हिसावर आठवड्याला २० तासांपर्यंत पूरक नोकरी करता येते. स्वयंरोजगार त्यात मोडत नाही. सौदी अरेबियाच्या कामगार कायद्यानुसार परदेशी कामगारास स्वतःच्या हिशेबाने काम करण्यास मनाई आहे.

घरची शेती आणि भारतीय कायदा

शिरूर हे घोड नदीकाठचे गाव घोडनदी या नावानेही ओळखले जाते. दौंड तालुक्यात ऊस हे प्रमुख पीक असून तेथे गुऱ्हाळेही मोठ्या संख्येने आहेत. रांजणगाव (शिरूर) व कुरकुंभ (दौंड) येथे औद्योगिक वसाहती आहेत. त्यामुळे परदेशातील बचत जमिनीत किंवा कारखानदारीशी निगडित धंद्यात गुंतवण्याकडे ओढा असणे स्वाभाविक आहे.

परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ आणि त्याखालील नियमांनुसार अनिवासी भारतीयास शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित जमीन वारसाहक्काने मिळू शकते, तसेच भारतात रहिवासी असताना घेतलेली जमीन पुढेही धारण करता येते. त्यामुळे वाटणीत आलेले शेत ठेवता येते, शेजारचे शेत विकत घेऊन ते वाढवता मात्र येत नाही. नातेवाइकाच्या नावे जमीन घेऊन पैसे आपण भरण्याच्या पळवाटेत कागदोपत्री मालक तो नातेवाईकच असतो, आणि पुढे वाद झाल्यास पैसे भरणाऱ्याची बाजू कमकुवत ठरते.

भागीदारी संस्थेत, पैसे परदेशी परत न नेण्याच्या अटीवर, गुंतवणूक करता येते. मात्र ती संस्था शेती, मळे, स्थावर मालमत्तेचा व्यापार किंवा मुद्रित माध्यमे यांत नसावी. भावासोबत ट्रॅक्टर दुरुस्तीचे गॅरेज या चौकटीत बसते, भागीदारीतील डाळिंबाची बाग बसत नाही. परदेशात करून दिलेले कुलमुखत्यारपत्र महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावे लागते.

कर

भारतात शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे. दूध व कोंबड्यांचे उत्पन्न शेतीचे मानले जात नाही. अमेरिकेत करदृष्ट्या रहिवासी ठरलेल्या एच-१बी धारकाचे जगभरचे उत्पन्न करपात्र असते, म्हणून उसाच्या बिलातील त्याचा वाटाही तेथील विवरणपत्रात दाखवावा लागतो. परदेशी खात्यांतील एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरांहून अधिक झाल्यास त्या खात्यांची माहिती अमेरिकेच्या अर्थ खात्यास वेगळी कळवावी लागते. अनिवासी व्यक्तीची एनआरई व एनआरओ ही भारतातील खातीही या नियमात येतात.