भयपटांची पारख (भाग ७) : नेवल्याला पहिली दाद कोणाची?

कमी खर्चातल्या भयपटाचा निकाल एका शुक्रवारी लागत नाही. तुलसी आणि श्याम रामसे यांचा ‘बंद दरवाजा’ (१९९०) हे त्याचं ठळक उदाहरण. ड्रॅक्युलाच्या कथेला इथे हिंदी मसाल्याची फोडणी मिळाली. काळ्या पहाडीतला रक्तपिपासू नेवला वटवाघळाचं रूप घेतो. मूल नसलेल्या ठाकुराच्या बायकोला तो अट घालतो : मुलगी झाली, तर ती माझी. सोबत गाणी, मारामाऱ्या आणि विनोदी पात्रंही आहेत.

त्या काळच्या प्रतिष्ठित समीक्षेने रामसेपटांना दुय्यम ठरवून बाजूला सारलं. कथा विस्कळीत, अभिनय भडक, हे आक्षेप ठरलेले. ते खोटेही नव्हते. ‘बंद दरवाजा’त विनोदी प्रवेश येतात आणि चढत गेलेली भीती खाली बसते.

पण या चित्रपटांचा हक्काचा प्रेक्षक जिल्ह्या-तालुक्याच्या गावांत होता. बारामती-इंदापूरसारख्या भागांत सिनेमा म्हणजे जत्रेतला तंबूही असे. ट्रकवर प्रोजेक्टर, कनातीच्या आत पडदा, जमिनीवर बैठक. तिथे आवाज फाटतो, वाऱ्याने पडदा हलतो, संवादातले बारकावे हरवतात. टिकतात ते चेहरा, प्रकाश आणि दचका.

रामसेंची मेहनत नेमकी तिथेच होती. नेवल्याच्या भूमिकेतला अनिरुद्ध अगरवाल रुरकीत स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेला. त्याची उंची आणि राकट चेहरा हाच मोठा ‘इफेक्ट’. कॅमेरा त्या चेहऱ्याला भिडतो, भोवती धूर आणि रंगीत प्रकाश. महागड्या सेटची गरजच उरत नाही. ही काटकसर घरातच मुरलेली होती. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) हा चित्रपट रामसे भावंडांनी महाबळेश्वरला सुमारे ४० दिवसांत, साडेतीन लाखांच्या आसपास खर्चात उरकला होता. गंगू कॅमेऱ्यामागे, किरण ध्वनीला, अर्जुन संकलनाला.

पारखीची दुसरी फेरी पुढे परदेशात सुरू झाली. ‘मोन्डो मकाब्रो’ या कंपनीने ‘बंद दरवाजा’ आणि ‘पुराना मंदिर’ डीव्हीडीवर आणले. २०१७ मध्ये शाम्य दासगुप्तांनी रामसे बंधूंवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. ब्रिटनमध्येही असंच घडलं होतं. हॅमर कंपनीच्या ‘ड्रॅक्युला’वर (१९५८) तिथले अनेक समीक्षक तुटून पडले आणि १९६८ मध्ये त्याच कंपनीला राणीच्या नावाचा उद्योग पुरस्कार मिळाला.

मात्र या उशिराच्या कौतुकात ‘इतका वाईट की मजा येते’ असा सूर वारंवार लागतो. तो अन्यायकारक आहे. तंबूतला प्रेक्षक हसायला आला नव्हता. तो घाबरायला आला होता आणि पैसे वसूल करून घरी गेला. चित्रपटाने जे द्यायचं कबूल केलं, ते किती दिलं, हा निकष त्याने आधी लावला. समीक्षेनेही सुरुवात तिथूनच करावी. आक्षेप त्यानंतर खुशाल घ्यावेत.

हाच निकष पुस्तकाला लावला तर? पुढच्या भागात नारायण धारपांची ‘लुचाई’ : स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’चं मराठी मातीतलं रूप आणि त्याकडे समीक्षेने फिरवलेली पाठ.